गुडघा, खुबा, खांदा: नागपुरात सांधेदुखीच्या उपचाराला निघताना

आईचा उजवा गुडघा बदलून आता दीड वर्ष झालं, डावा त्याच्या साडेतीन महिने आधी. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या ऑपरेशनपर्यंत आम्हाला चार वर्षं लागली आणि त्यातली दोन निव्वळ वाया गेली. डॉक्टर मिळत नव्हते असं नव्हे. धंतोली-रामदासपेठेत एकेका गल्लीत चार-चार अस्थिरोगतज्ज्ञांच्या पाट्या आहेत. पण आधी काय करायचं, मग काय, कुठली तपासणी कशासाठी आणि ऑपरेशनला 'हो' कधी म्हणायचं, हा क्रमच आम्हाला ठाऊक नव्हता.

आता ओळखीतल्या कुणाचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, "ताई, आईले कोणाकडे नेलं होतं?" नाव मी सांगते, पण त्याआधी अर्धा तास जे बोलते ते इथे लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. गोळ्यांचे डोस यात नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

१. आधी दुखण्याचं नाव विचारा

आपल्याकडे चाळिशीनंतर काहीही दुखलं तरी 'संधिवात' म्हणून मोकळे होतात. पण सांधा दुखण्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि एकाचा उपचार दुसऱ्याला चालत नाही. म्हणून डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी "याचं नाव काय?" हे विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

सगळ्यात जास्त दिसते ती सांध्याची झीज. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, ती वर्षानुवर्षं पातळ होत जाते. गुडघ्यात हे जास्त, आणि बहुधा आतल्या बाजूला, म्हणून पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकतात. ओळखायची खूण अशी: बसून उठताना आणि जिने उतरताना दुखतं, सकाळी आखडतं पण अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं.

आमवात वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. हातांच्या बोटांचे छोटे सांधे दोन्ही हातांना सारखे सुजतात, सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त राहतो, थकवा येतो. याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (आमवाताचा तज्ज्ञ) लागतो आणि औषध जितकं लवकर सुरू होईल तितके सांधे वाचतात. माझ्या मावसबहिणीने दीड वर्ष नुसतं तेल चोळण्यात घालवलं. आज तिची बोटं वाकडी आहेत.

युरिक अॅसिड वाढून होणारा गाऊट बहुतेक वेळा रात्रीतून पायाच्या अंगठ्याला धरतो: लाल, गरम, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. झटका आलेला असताना रक्तातलं युरिक अॅसिड कधीकधी नॉर्मलही येतं, त्यामुळे एका रिपोर्टवर निकाल लावू नये.

चिकनगुन्याचं दुखणं नागपूरकरांना सांगायला नको. २०२४ च्या पावसाळ्यात घरोघरी माणसं भिंतीला धरून चालत होती. ताप जातो, सांधे मात्र काही आठवडे, काहींचे कित्येक महिने दुखतात. हे बहुतेकांचं ओसरतं. त्यासाठी गुडघा बदलायचा नसतो.

खांदा जाम होतो तो मधुमेह्यांमध्ये जास्त. हात मागे नेऊन साडीचा कासोटा खोचता येत नाही, केस विंचरता येत नाहीत. व्यायाम, शेक, लागलंच तर सांध्यात एखादं इंजेक्शन, एवढ्यावर बहुतेक खांदे सुटतात. पण एक ते तीन वर्षं लागू शकतात, हे आधीच माहीत असलं की धीर धरता येतो.

आणि एक गोष्ट खास आपल्या विदर्भाची. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या तरुण मुलामुलींना खुब्यात दुखू लागलं, मांडी घालता येईना, लंगडत चालू लागले, तर खुब्याच्या गोळ्याचा (मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा) रक्तपुरवठा तुटून हाड मरत असण्याची शक्यता असते. दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड आणि फार दारू यांनीही हेच होतं. याचं दुखणं पुष्कळदा जांघेत किंवा गुडघ्यात जाणवतं, म्हणून लोक गुडघ्याचा एक्स-रे काढत बसतात. सुरुवातीच्या टप्प्यात खुब्याच्या साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही. इथे एमआरआय लवकर करणं खरोखर गरजेचं आहे.

२. या वेळी वाट पाहू नका

एकच सांधा अचानक सुजला, गरम झाला, हलवता येत नाही आणि सोबत ताप आहे, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, रात्र असली तरी. दोन-तीन दिवसांत कूर्चा कायमची खराब होते.

म्हातारं माणूस पडलं, उठून उभं राहता येत नाही आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरून चाला. मालिश नको, ओढाताण नको.

सांधा महिनोन् महिने सुजलेला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, असं असेल तर हाडाचा टीबी तपासून घ्या. तो औषधांनी बरा होतो, फक्त वेळेत सापडायला हवा.

३. पहिल्या भेटीला काय घेऊन जायचं

डॉक्टरांकडे बोलायला मिळतात दहा मिनिटं. आई तिथे गेली की म्हणायची, "काही नाही हो डॉक्टर साहेब, थोडंसंच दुखून राह्यलं." आणि घरी आली की जिन्यावर बसून रडायची. म्हणून तिसऱ्या भेटीला मी वहीत लिहून नेलं. तुम्ही पहिल्याच भेटीला न्या:

- दुखणं कधीपासून, कुठे, कोणत्या हालचालीने. रात्री झोपमोड होते का
- न थांबता किती चालवतं (आम्ही 'घरापासून देवळापर्यंत' असं मोजलं होतं)
- सध्याच्या सगळ्या गोळ्या, शक्यतो त्यांच्या पट्ट्यांसकट. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळक लिहून
- चूर्ण, पुडी, काढा, तेल, जे काही चालू आहे ते न लपवता
- बीपी, शुगर, हृदय, किडनीचे जुने कागद
- जुने एक्स-रे. मोबाइलमधला फोटो चालत नाही, फिल्म किंवा सीडी हवी

सैल सलवार किंवा गुडघ्याच्या वर सरकेल असं काही घालून जा. डॉक्टरांनी गुडघ्याला हात न लावता, चालायला न लावता नुसता रिपोर्ट पाहून ऑपरेशन सांगितलं, तर दुसरं मत घ्या.

४. तपासण्या: उभं राहून एक्स-रे

ही आमची पहिली मोठी चूक. आईचा पहिला एक्स-रे टेबलावर झोपवून काढला गेला. त्यात 'गॅप' बरी दिसली आणि वर्षभर आम्ही निर्धास्त राहिलो. गुडघ्यावर शरीराचं वजन पडलं की मगच दोन हाडांमधलं खरं अंतर दिसतं. म्हणून चिठ्ठीवर 'दोन्ही गुडघे, उभे राहून' असं लिहिलंय का ते पाहा आणि एक्स-रे काढणाऱ्यालाही सांगा. झीज शून्य ते चार अशा श्रेणीत मोजतात. आईचा उभ्याने काढलेला एक्स-रे निघाला चौथ्या श्रेणीचा, हाडाला हाड टेकलेलं.

पण एक्स-रेची श्रेणी म्हणजे दुखण्याची श्रेणी नव्हे. तिसऱ्या श्रेणीचे गुडघे घेऊन रोज अंबाझरी तलावावर फिरणारी माणसं आहेत. उपचार माणसाच्या त्रासावर ठरतो, फिल्मवर नाही.

साध्या झिजेसाठी एमआरआयची गरज सहसा नसते. पन्नाशीनंतर पुष्कळांच्या एमआरआयमध्ये गादी (गुडघ्यातल्या दोन हाडांमधली कूर्चेची चकती) फाटल्याचं काही ना काही निघतं आणि माणूस घाबरून जातो. गुडघा मुरगळून अडकतोय, खचकन निसटतोय, लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) तुटल्याचा संशय आहे, किंवा खुब्याचं वर सांगितलेलं दुखणं आहे, तेव्हा एमआरआय हवा. रक्ताच्या तपासण्या (शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी, आमवाताची आरए व अँटी-सीसीपी, युरिक अॅसिड) सूज असेल किंवा बरेच सांधे दुखत असतील तेव्हा. डी आणि बी-१२ जीवनसत्त्वं कमी निघाली तर ती भरून काढावीत, पण त्यांनी झिजलेली कूर्चा परत येत नाही.

५. ऑपरेशनआधीचे उपाय, प्रामाणिकपणे केलेले

या टप्प्याला लोक 'टाइमपास' समजतात. मला तर आता वाटतं, उपचार म्हणायचं ते याच टप्प्याला. अनेकांचा गुडघा इथेच सावरतो आणि ज्यांचं ऑपरेशन होतं त्यांनाही हीच पुंजी पुढे कामी येते.

मांडीचा पुढचा स्नायू. गुडघ्यावरचा भार तोच झेलतो. दुखतं म्हणून चालणं सोडलं की तो वाळतो, तो वाळला की गुडघ्यावर भार वाढतो, मग आणखी दुखतं. याला तोडगा सोपा आहे: पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याची वाटी आवळून धरायची, दहापर्यंत मोजून सोडायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, धरायचा, सावकाश खाली. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा. दिवसातून दोन-तीनदा, रोज. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर मशीनच्या शेकापेक्षा व्यायाम शिकवून घेण्यावर भर द्या. शेक त्या दिवसापुरता असतो, शिकलेला व्यायाम घरी येतो.

वजन. एक किलो कमी झालं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोचा भार हलका होतो. आईने सात किलो उतरवले. तर्री-पोहे रविवारपुरते राहिले आणि रात्रीचा भात गेला, बाकी फारसं काही केलं नाही.

रोजच्या सवयी. जमिनीवर पाटावर बसून भाजी चिरणं, उकिडवं बसून कपडे धुणं, देशी संडास. गुडघा पूर्ण वाकतो तेव्हा त्याच्यावर प्रचंड दाब येतो. ओट्याशी उंच स्टूल आणि संडासात कमोड (नाहीतर कमोडची खुर्ची), हे आधी करा. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आई वर्षभर चुकीच्या हातात धरत होती, कुणीच सांगितलं नाही.

गोळ्या. दुखऱ्या सांध्यावर लावायचं जेल आधी वापरून पाहा. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या 'दुखण्याच्या गोळी'ने किडनी आणि जठर दोन्हीला इजा होते, बीपी-शुगरवाल्यांना जास्त. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीला आणखी जड जातात.

पुडी. इथे मला थांबून सांगायचं आहे. शेजारच्या काकांनी बाहेरगावाहून 'जडीबुटीची' पुडी आणून दिली. तीन दिवसांत आई जिने चढायला लागली. घरात सण साजरा झाल्यासारखं झालं. पाचव्या महिन्यात तिचा चेहरा सुजून गोल झाला, अंगावर निळे डाग पडू लागले आणि कधी नव्हे ती शुगर तीनशेवर गेली. फिजिशियनने पाहताक्षणी विचारलं, "काकू, कोणती पुडी चालू आहे?" अशा बिननावाच्या, बिनलेबलच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड आणि वेदनाशामक कुटून मिसळलेलं असतं, म्हणून इतका झटपट आराम पडतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अशी पुडी महिनोन् महिने चालू असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक तोडलं तर बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांना खरं सांगा, ते हळूहळू उतरवतात.

इंजेक्शनं. सांध्यात दिलेलं स्टेरॉइड इंजेक्शन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे ते तीनेक महिने आराम देतं. वर्षातून तीन-चारच्या वर घेत नाहीत. शुगर काही दिवस वाढते. पुढच्या तीन महिन्यांत ऑपरेशन ठरत असेल तर ते टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. 'वंगणाचं' इंजेक्शन आणि स्वतःच्या रक्तापासून केलेलं पीआरपी यांचा फायदा काहींना होतो, काहींना होत नाही, आणि तज्ज्ञांमध्येही त्यावर एकमत नाही. आम्हाला एका ठिकाणी चौथ्या श्रेणीच्या गुडघ्यासाठी तीन पीआरपीचं पॅकेज दिलं गेलं, 'कूर्चा परत येईल' असं सांगून. हाडाला हाड टेकल्यावर कूर्चा परत आणणारं इंजेक्शन आज कुणाकडेही नाही. ते पैसे आणि ते आठ महिने मला अजून सलतात.

६. ऑपरेशन: कोणतं आणि कधी

"ऑपरेशन कधी करायचं?" याचं मला पटलेलं उत्तर एका प्राध्यापक डॉक्टरांनी दिलं: वरचं सगळं किमान तीन-सहा महिने मनापासून करूनही रात्रीची झोप जात असेल, आणि घरातल्या घरात वावरणं अवघड झालं असेल, तेव्हा. फार लवकर नको, कारण कृत्रिम सांध्यालाही आयुष्य असतं. फार उशीरही नको, कारण पाय फार वाकडा झाला, स्नायू वाळले की ऑपरेशनही अवघड आणि नंतरची उभारीही कमी.

दुर्बिणीचं ऑपरेशन गादी अडकल्यावर किंवा लिगामेंटसाठी उपयोगी आहे. नुसत्या झिजेसाठी दुर्बीण घालून 'साफ' करण्याचा फायदा होत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसून आलंय. कुणी सुचवलं तर कारण विचारा.

वय साठच्या आत, झीज फक्त आतल्या बाजूला आणि पाय वाकलेला, अशांसाठी नडगीचं हाड कापून पाय सरळ करण्याचं ऑपरेशन असतं. स्वतःचा सांधा राहतो. एकाच बाजूची झीज असेल तर अर्धा गुडघा बदलतात. सगळा झिजला असेल तर पूर्ण. बाहेरच्या देशांतल्या मोठ्या नोंदींवरून दिसतं की पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी ऐंशीच्या वर पंचवीस वर्षं टिकतात. पण साधारण पाचातला एक रुग्ण निकालावर पूर्ण समाधानी नसतो, हेही तितकंच खरं. खुबा बदलल्यावर समाधानी असणाऱ्यांचं प्रमाण याहून जास्त आहे.

दोन्ही गुडघे एकदम करायचे का? हृदय, फुप्फुसं, वय पाहून भूलतज्ज्ञ आणि सर्जन ठरवतात. आईचं वय एकाहत्तर आणि बीपी, म्हणून आम्ही अंतर ठेवलं. रोबोटने कापणं जास्त अचूक होतं, पण चालण्या-फिरण्यातला फरक फार मोठा असल्याचं अजून ठामपणे दिसलेलं नाही. त्यासाठी कर्ज काढू नका.

सर्जनला विचारा: वर्षाला असे किती गुडघे करता? जंतुसंसर्ग झाला तर पुढे काय करता? ऑपरेशननंतर मला तुम्ही तपासणार की तुमचे सहायक? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत.

७. कुठे करायचं, पैशांचं कसं

मेडिकल चौकातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (आपलं 'मेडिकल'), सेंट्रल अॅव्हेन्यूवरचं 'मेयो' हे दुसरं शासकीय रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही ठिकाणी अस्थिरोग विभाग आहे. चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोली, अगदी बालाघाट-छिंदवाड्याहून लोक येतात, म्हणून गर्दी आणि तारखेची वाट धरून चाला. सकाळी लवकर पोहोचा आणि सोबत एक धडधाकट माणूस न्या. रांग, फाइल आणि एक्स-रे या तीन जागी दुखऱ्या पायाने एकट्याने फिरणं होत नाही. एम्सला मेट्रोने जायचं तर खापरीला उतरून पुढे ऑटो करावा लागतो. धंतोलीतल्या खासगी दवाखान्यांत गाडी लावायला जागा मिळत नाही, रुग्णाला दारात उतरवायची सोय आधी विचारून ठेवा.

योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता केवळ पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती राहिलेली नाही, पांढऱ्या कार्डाचं कुटुंबही त्यात येतं, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तर आणि त्यावरच्या वयाच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. पण योजनेत असणं वेगळं आणि तुमचं नेमकं ऑपरेशन त्या नेमक्या दवाखान्यात योजनेत होणं वेगळं. म्हणून भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा, किंवा योजनेच्या १५५३८८ या नंबरवर विचारा. पैसे भरून ऑपरेशन झाल्यावर 'योजनेत लावा' म्हणून काही होत नाही.

खासगी विमा असेल तर पॉलिसीत सांधेबदलाची प्रतीक्षा पाहा, बहुतेकांत दोन ते तीन वर्षं असते. दुसरा सापळा खोलीभाड्याचा. पॉलिसीत दिवसाला पाच हजारांची खोली बसत असेल आणि तुम्ही आठ हजारांची घेतलीत, तर फक्त तीन हजार कापत नाहीत, सर्जनची फी आणि ओटीचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात.

इम्प्लांटची किंमत. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर कमाल दर लावले. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्याला ७६,६०० रुपये ठरले, जीएसटी वेगळा. त्याआधी हेच सांधे सरासरी दीड ते अडीच लाखाला विकले जात. चालू दर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो, तो पाहून जा. अंदाजपत्रकात इम्प्लांट, दवाखाना, सर्जन, भूल, औषधं आणि फिजिओ वेगवेगळे लिहून मागा. 'सगळं मिळून इतके' असं सांगितलं की नंतर काय वाढलं ते कळत नाही.

फाइलमध्ये हे ठेवा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स:

- आधार (रुग्णाचं आणि सोबतच्याचं), शिधापत्रिका
- आयुष्मान कार्ड किंवा विम्याचं कार्ड, पॉलिसीची पूर्ण प्रत
- ऑपरेशन सुचवल्याची डॉक्टरांची चिठ्ठी, उभ्याचे एक्स-रे
- बीपी-शुगर-हृदयाचे कागद, आधीच्या डिस्चार्ज समऱ्या
- बँक पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट फोटो

नावांचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, हे महिनाभर आधी तपासा. आईचं आधारवर लग्नानंतरचं आणि शिधापत्रिकेवर माहेरचं नाव होतं. एवढ्यावरून आमचे अकरा दिवस गेले.

८. ऑपरेशनआधीचा महिना

तीन महिन्यांची सरासरी शुगर आटोक्यात आणा. दातांत किड, लघवीत जंतू, पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर आधी बऱ्या करा. जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोहोचतात. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवायची ते हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून आणा, मनाने थांबवू नका.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बंद. हे नागपुरात वेगळं सांगावंच लागतं. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. किमान चार आठवडे आधी आणि नंतरही. घरच्यांनीही दवाखान्यात खर्र्याची पुडी पोहोचवू नये.

घर तयार करा. पलंग गुडघ्याच्या उंचीइतका, हात असलेली घट्ट खुर्ची, न्हाणीघरात पकडायला दांडा आणि न घसरणारी चटई. वाटेतल्या सतरंज्या आणि कूलरच्या वायरी उचला. झोपायची खोली वरच्या मजल्यावर असेल तर महिनाभरासाठी खाली आणा. उन्हाळ्यात ऑपरेशन केलं तर जखम चिघळते, ही भीती मनातून काढा, तरी सोय पाहायची तर हिवाळा बरा: व्यायाम करताना घाम कमी आणि सकाळी अंगणात चालता येतं. आणि व्यायाम आत्ताच शिकून ठेवा. दुखत्या पायाने नवीन काही शिकता येत नाही.

९. घरी आल्यावरचे सहा आठवडे

बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात. घाबरू नका, नवा सांधा पहिल्या दिवसापासून वजन पेलतो. टाके बारा ते चौदा दिवसांनी निघतात. वॉकर दोन-तीन आठवडे, मग काठी.

आता आमची सगळ्यात महागात पडलेली चूक. डावा गुडघा झाल्यावर आईला बरं वाटायचं म्हणून मी गुडघ्याखाली उशी ठेवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. इतक्या सूचनांमध्ये ते वाहून गेलं असावं. तिसऱ्या आठवड्यात पाय पूर्ण सरळ होईना, आखडलेला गुडघा सोडवायला पुढचे दोन महिने आई रोज रडत होती. उशी गुडघ्याखाली कधीही नाही, टाचेखाली. गुडघा वाकवण्याइतकंच तो सरळ होणं महत्त्वाचं आहे. उजव्याच्या वेळी टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला आणि तो पाय दोन आठवड्यांत सरळ झाला.

दिवसाचा क्रम असा बसवा: वेदनेची गोळी, अर्ध्या तासाने व्यायाम, मग टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं बर्फ. दिवसातून तीनदा. दुखतं म्हणून एक दिवस सोडला की दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखतं. पाव्हणे भेटायला येतात त्या वेळेतही व्यायाम चुकवू नका, त्यांना बाहेर बसवा, चहा द्या. दोन आठवड्यांत गुडघा नव्वद अंशाच्या आसपास वाकावा. मालिश नको, जखमेवर हळद-तेल नको. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

गुडघा तीन ते सहा महिने कोमट लागतो, थोडा सुजतो. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो. वाकताना टिकटिक आवाज येतो. हे चालतं. पोटरी दुखून सुजली, टाक्यातून पाणी किंवा पू येतोय, लाली पसरतेय, ताप चढतोय, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. आपल्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. छातीत दुखून दम लागला तर थेट इमर्जन्सी, १०८ ला फोन करा.

डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात: कंपनी, आकार, बॅच क्रमांक. त्याचा फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद लॅमिनेट न करता फाइलमध्ये ठेवा. पंधरा वर्षांनी एखादा भाग बदलायची वेळ आली तर सर्जन पहिल्यांदा तोच मागेल. तपासणीच्या तारखा बहुधा सहा आठवडे, तीन महिने आणि वर्ष अशा असतात. वर्षाचा एक्स-रे काही दुखत नसलं तरी काढा. आईचा गेल्या हिवाळ्यात काढला. त्या दिवशी ती धंतोलीतल्या दवाखान्याच्या जिन्यावरून कठडा न धरता खाली उतरली आणि मला म्हणाली, "रिक्षा कशाले, चौकापर्यंत चालतच जाऊ."